कोंबडीचं तोंड कुणाकडे

१२ डिसेंबर

डॉक्टरीणबाईंनी ही वही दिली. रोज रक्तदाब मोजायचा, आकडा लिहायचा, आणि चढला असेल तर कशाने चढला तेही लिहायचं. म्हटलं, कारणं लिहायची तर एवढीशी वही पुरायची नाही. त्या हसल्या. मी विनोद केला नव्हता.

आज आकडा चांगला आला. म्हणजे यंत्रच बिघडलेलं असणार, कारण अख्खा दिवस भांडणात गेला. दुकानात माझ्याबरोबर मेक्सिकन टाको करणारे फाउस्तिनो अकराला उगवले. आज म्हणे त्यांच्या देवीचा सण, पहाटेपासून चर्चमध्ये गाणी चालली होती. इकडे मी एकटी दोन्ही चुली सांभाळतेय, त्यांच्या मिरच्या भाजता भाजता खोकून अर्धमेली झालेय, आणि हे महाशय दारात एक गुलाब घेऊन उभे.

"देवीपुढचा आहे, सेन्योरा. तुमच्यासाठी मागून आणला."

"देवीपुढचं उचलून आणता, लाज नाही वाटत? आणि ठेवू कुठे? हे काय फुलांचं दुकान आहे?"

शेवटी चॉपस्टिकांच्या ग्लासात खोचला. दिवसभर गिऱ्हाइकं चॉपस्टिक काढताना बोटं टोचून घेत होती. पण तो गुलाब उचलून दुसरीकडे ठेवायला मला वेळ कुठे होता?

१४ डिसेंबर

केल्विन आला होता अर्व्हाइनहून. माझा एकुलता एक. विमा कंपनीत आहे, त्यामुळे त्याला जिथे तिथे अपघातच दिसतात.

दुकानाचा भाडेकरार नव्या वर्षाला संपतोय, म्हणजे आपल्या नव्या वर्षाला, फेब्रुवारीत. पुन्हा करार करायचा, की कुलूप लावून त्याच्याकडे राहायला जायचं, हे ठरवायचंय. त्याच्या घरी माझ्यासाठी खोली तयार आहे, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी.

"आई, तुझं वय झालं आता," म्हणाला. "आणि हे दुकान धड तैवानी नाही, धड मेक्सिकन नाही."

"तू तरी धड काय आहेस?" मी म्हटलं.

मग तीन टाको खाऊन गेला.

पण त्याचं अगदीच खोटं नाही. केल्विनचे बाबा गेल्यापासून माझं भात आणि सोयात शिजवलेल्या मांसाचं दुकान मरायला टेकलं होतं. बाहेर फुटपाथवर फाउस्तिनोंची टाकोची गाडी. त्यांच्याकडे रांग, माझ्याकडे त्यांचा धूर. आधी मी भांडले. मग एक टाको खाल्ला. मग म्हटलं, आत या, निदान धूर तरी माझ्या पंख्यातून जाईल. त्याला आता वर्ष उलटून गेलं. आता माझ्या कांद्याच्या पातीच्या पराठ्यात त्यांचं अननस लावलेलं मांस जातं, त्यांच्या मक्याच्या पोळीत माझी तळलेली कोंबडी जाते, वर शेंगदाण्याचं कूट, आणि लोक बोटं चाटतात. पाटीवर मात्र अजून माझंच एकटीचं नाव आहे.

फाउस्तिनो नसतील तर मी करारावर सही करणार नाही. एका चुलीवर हे दुकान चालायचं नाही, एवढं मला कळतं. केल्विनला बोलले नाही. त्याला लगेच विमा सुचेल.

२८ डिसेंबर

चांद्र महिन्याची सोळावी. दुकानदाराने दारात टेबल मांडून जमिनीच्या देवाला जेवू घालायचा दिवस. मी फळं, बिस्किटं, उकडलेलं मांस मांडलं, उदबत्त्या आणायला आत गेले, बाहेर येऊन बघते तर टेबलावर टाकोची ताटली. वर लाल तिखट चटणी.

"देवाला तिखट?" मी म्हटलं.

"तुमचा देव इतकी वर्षं अमेरिकेत, रोझमीडमध्ये राहतोय, सेन्योरा," फाउस्तिनो म्हणाले. "त्याला सवय झाली असेल."

लूपेने मागून री ओढली. लूपे म्हणजे त्यांची धाकटी बहीण, आमच्या गल्ल्यावर बसते. पन्नाशीची आहे, बोलते कमी, बघते फार. "देवालाच विचारा की," म्हणाली.

विचारलं. चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे असतात, ते जमिनीवर टाकायचे. एक उताणा, एक पालथा पडला की देव हो म्हणाला. तीनदा टाकले, तिन्हीदा हो. यांनी देवालाही फितवलं!

मग मी देवाला आणखी एक गोष्ट विचारली. ती इथे लिहीत नाही. रक्तदाबाशी तिचा काही संबंध नाही.

९ जानेवारी

आकडा चढला. कारण: मीठ.

समोर फळांची गाडी लावणारी ओदिलिया आहे. बाई नेटकी आहे, मी नाव ठेवणार नाही, पण फळं विकायला एवढं ओठ रंगवायची काय गरज? आज फाउस्तिनोंना कलिंगडाच्या फोडी दिल्या, वर मिरचीमीठ भुरभुरून. आणि दोघं हसत उभे. कलिंगडात हसण्यासारखं असतं काय? मी आतून तीनदा हाक मारली की रस्सा ढवळा. रस्सा ढवळायची काही गरज नव्हती, पण ढवळलेला बरा.

अर्ध्या फोडी माझ्यासाठी आणल्या होत्या. मी हात लावला नाही. ते भांडी घासायला गेल्यावर खाल्ल्या. गोड होत्या मेल्या.

१७ जानेवारी

कोथिंबिरीवरून वाजलं. फाउस्तिनो देठांसकट चिरतात. हजारदा सांगितलंय, देठ रश्शात, पानं वर. "देठातच तर चव," म्हणतात. "देठातच दात अडकतात," मी म्हणते. आज गिऱ्हाइकांसमोर झालं. नेहमी येणारे दोघं तर आपला घास हातात धरून ऐकत होते.

शेवटी मी म्हटलं, "सव्वीस तारखेला आपलं वर्षअखेरचं जेवण आहे ना? आमच्याकडे मालक त्या दिवशी अख्खी कोंबडी मांडतो. तिचं तोंड ज्या माणसाकडे असेल, त्याने समजून जायचं, नव्या वर्षी कामावर यायचं नाही. तोंडाने वाईट बोलायला नको म्हणून ही रीत. पुन्हा देठं दिसली, तर कोंबडी तुमच्याकडे बघेल, सांगून ठेवते!"

"कोंबडी बघेल म्हणून देठं सोडायची?" म्हणाले आणि खो खो हसले. लूपे हसली नाही.

आता ही रीत जुनी. हल्ली कोणी मालक असं करत नाही, उलट कोंबडीचं तोंड स्वतःकडे करून ठेवतो, म्हणजे जेवणाऱ्यांच्या घशाखाली घास उतरतो. पण हे मी त्यांना कशाला सांगू? जरा धाक असलेला बरा.

संध्याकाळची सगळी कोथिंबीर बिनदेठांची होती. बघितलं? धाक.

२२ जानेवारी

ठरलं. अर्व्हाइनच्या खोलीत केल्विनने खुशाल व्यायामाची सायकल ठेवावी. मी पुन्हा करार करणार, आणि एकटीच्या नावावर नाही. दोघांच्या. फाउस्तिनोंना अजून सांगितलं नाही. आधी पाटी करून घ्यायची, मग दाखवायची, असं मनात आहे.

रंगाऱ्याकडे गेले. 'सू-चेन आणि फाउस्तिनो' असं लिहून दिलं. तो म्हणाला, "लग्नाची पत्रिका दिसतेय." चांगला झापला त्याला. मग म्हटलं, दोन नावं जरा लांब लांब लिही. त्याने लिहून दाखवली. फारच लांब दिसायला लागली, भांडण झाल्यासारखी. म्हटलं, घे बाबा जवळ. जवळ घेतली. मग आणखी जरा जवळ. तो मिशीत हसत होता. पाटी सव्वीसला संध्याकाळी मिळेल. मागच्या खोलीत झाकून ठेवीन.

आकडा उत्तम. डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगणार होते, पण कारण विचारलं असतं.

२६ जानेवारी

वर्षअखेरचं जेवण झालं. लवकर दुकान बंद केलं, गोल टेबल मधोमध ओढलं, वर ती फिरती थाळी, सगळे पदार्थ तिच्यावर. मी, फाउस्तिनो, लूपे आणि केल्विन. अख्खी उकडलेली कोंबडी, वाफवलेला मासा, शिंगाड्याचे वडे, मोहरीच्या पाल्याचं लोणचं, आणि फाउस्तिनोंनी केलेली हिरवी चटणी, जी कोणी सांगितली नव्हती. कोंबडीचं तोंड रीतीप्रमाणे मी माझ्याकडे करून ठेवलं.

केल्विनने बसल्या बसल्या लोणच्यासाठी थाळी गरकन फिरवली, तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो बाहेर गेला. हा असाच. कोणाचं तरी छप्पर गळत असेल.

मी उठले. पैशांची लाल पाकिटं दिली, लूपेला एक, फाउस्तिनोंना एक. त्यांचं जरा जाड. मग चार शब्द बोलायला गेले. पाटी मागच्या खोलीत, ती आठवली आणि ठरवलेलं सगळं विसरले. एवढंच म्हणता आलं, "फाउस्तिनो, तुम्ही माझ्यासाठी फार केलंत. नव्या वर्षापासून इथे सगळं बदलणार आहे. उद्या जरा लवकर या, गिऱ्हाइकं यायच्या आत. तुमच्याशी बोलायचंय." डोळ्यांत पाणी आलं. ती हिरवी चटणी भलतीच तिखट होती.

फाउस्तिनो कोंबडीकडे टक लावून बघत होते. मला वाटलं, तंगडी हवी असेल. म्हटलं, "घ्या की."

"नको, सेन्योरा," म्हणाले. "कळलं मला."

जेवले नाहीत फारसे. मग उठून आपल्या सुऱ्या घासल्या, पुसल्या, फडक्यात गुंडाळल्या आणि बरोबर घेऊन गेले. धार लावायला नेल्या असतील. किती व्यवस्थित माणूस आहे.

उद्या पाटी बघून काय तोंड करतात ते बघायचंय. झोप येईलसं वाटत नाही.

२७ जानेवारी

आले नाहीत.

पाटी पुसून भिंतीला टेकवून ठेवली होती. दहा वाजले, अकरा वाजले. लूपे आली, तोंड दगडासारखं. "भाऊ कुठे?" विचारलं. "घरी," म्हणाली. एवढंच. टाको मी केले. एका गिऱ्हाइकाने विचारलं, "आज काय झालं?" मी म्हटलं, "बुधवार आहे." शनिवार होता.

आकडा लिहीत नाही. डॉक्टरीणबाई घाबरतील.

२९ जानेवारी

फोन उचलत नाहीत. पाकीट लूपेच्या हाती परत पाठवलंय, न उघडता. म्हणजे काय समजायचं? कमी वाटलं? उघडलंच नाही तर कमी कसं वाटेल?

कारणं शोधून डोकं फुटायची वेळ आली. एक, लोणचं आंबट होतं. दोन, मी रोज ओरडते. पण ते तर पहिल्या दिवसापासून ओरडते, तेव्हा का नाही गेले? तीन, ओदिलिया. आज मुद्दाम तिच्या गाडीवर गेले, कलिंगड घेतलं आणि सहज विचारावं तसं विचारलं. ती म्हणाली, "मला काय माहीत? तो माझ्याशी तुमच्याबद्दलच तर बोलतो. सेन्योरा अशी चिडते, सेन्योरा तशी चिडते. कंटाळा आला मला."

माझ्या चिडण्याची नक्कल करतात म्हणे. आणि दोघं त्यावर हसतात. चांगलंय!

का कोण जाणे, येताना तिच्याकडून आणखी एक कलिंगड घेतलं.

३१ जानेवारी

रस्सा करपला. माझा! बत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

केल्विनचा फोन. "आई, तो माणूस नसेल तर सही करू नकोस." म्हटलं, "मला अक्कल आहे." जागेच्या मालकाचा माणूस परवा सकाळी कागद घेऊन येणार. आता सही कसली करायची? खोलीतली सायकल हलवायला सांगावी लागणार.

देवाला विचारलं, फाउस्तिनो परत येतील का. दोन्ही तुकडे उताणे. म्हणजे देव हसतोय. पुन्हा टाकले, पुन्हा हसला. म्हटलं, हसण्यासारखं काय आहे, सगळे मेले हसतच असतात! मग जमिनीवरच बसून रडले थोडी. मला ते यायला हवेत. दुकानासाठी, आणि नुसतेच सुद्धा. सकाळी अकराला उगवले तरी चालतील. लिहिलं. आता खोडत नाही.

१ फेब्रुवारी

आज लूपे बोलली. मी कोथिंबीर देठांसकट चिरत होते, लक्षच नव्हतं. ती बघत उभी राहिली आणि तिचा बांध फुटला.

"आता घालता देठं? भावाला घालवून दिल्यावर?"

"मी घालवलं? मी?"

"कोंबडीने घालवलं. एकच झालं."

"कोंबडीचं तोंड माझ्याकडे होतं!"

"मी समोर बसले होते, सेन्योरा. तोंड त्याच्याकडे होतं. सरळ त्याच्या छातीकडे. वर तुम्ही उठून रडत रडत म्हणालात, तुम्ही माझ्यासाठी फार केलंत. वर पाकीट. माझा भाऊ काही एवढा बिनडोक नाही."

मी सुरी खाली ठेवली. थाळी. केल्विन. लोणचं. विमा कंपनीत काम करतो आणि आईच्या आयुष्याचं एवढं नुकसान करून बाहेर फोनवर बोलत उभा!

पण त्याला तरी काय बोलू? धाक घालायला ती गोष्ट सांगितली कोणी? मीच. पुढचं अर्धं, की आता असं कोणी करत नाही, ते गिळलं कोणी? मीच. वाटलं जमीन दुभंगावी, पण देवाला हसू आवरत नव्हतं, तो कसली दुभंगवतोय.

लूपेला हाताला धरून मागच्या खोलीत नेलं आणि पाटीवरचं फडकं काढलं. तिने वाचलं. परत वाचलं. मग कपाळावर हात मारला आणि म्हणाली, "तुम्ही दोघं ना, दोन दगड आहात. पुढच्या आठवड्यात त्याचं मेक्सिकोला, पुएब्लाचं तिकीट आहे. मोठ्या भावाकडे चाललाय, कायमचा."

"तू सांग ना त्यांना, लूपे."

"मी नाही सांगणार. मी गल्ल्यावर बसते, कोंबडीचे निरोप पोचवत नाही."

२ फेब्रुवारी

मालकाच्या माणसाला म्हटलं, संध्याकाळी या. दुकानाला कुलूप लावलं आणि एल मॉन्टेला त्यांच्या घरी गेले. रिकाम्या हाताने कोणाच्या घरी कसं जायचं? म्हणून एक कोंबडी उकडून नेली. मुंडकं छाटून.

बघते तर घर माणसांनी भरलेलं. आज त्यांच्यात कसलासा सण, सगळ्या आत्या, मावश्या, काका मांडीवर ताटल्या घेऊन पानात उकडलेले मक्याचे तामाले खातायत. दार उघडलं लूपेने. ती बाजूला झाली, आणि मागे फाउस्तिनो, खांद्यावर फडकं. वाळल्यासारखे दिसले. सगळ्यांचं खाणं थांबलं.

मी गाडीत बसून सगळं पाठ केलं होतं. थाळी, केल्विनचा फोन, माफी, ओळीने. तोंडातून निघालं, "अक्कल आहे की नाही तुम्हाला? एवढे मोठे झालात आणि कोंबडीचं ऐकता?"

फाउस्तिनो शांतपणे म्हणाले, "तुम्हीच सांगितलं होतं, सेन्योरा, कोंबडीचं ऐकायचं असतं."

"ती थाळी केल्विनने फिरवली! मी लवकर या म्हटलं ते पाटी दाखवायला!"

"कसली पाटी?"

"तुमच्या नावाची. माझ्या नावाशेजारी. अगदी शेजारी. रंगारी हसला तरी मी तशीच करून घेतली."

ते माझ्या हातातल्या ताटलीकडे बघून म्हणाले, "हिचं डोकं कुठाय?"

"फेकलं. पुन्हा भानगड नको."

एक म्हातारी आत्या फिसकन हसली, तिला दुसरीने गप्प केलं. फाउस्तिनो हसले नाहीत.

"आठवडाभर मी झोपलो नाही," ते म्हणाले. "माझ्या बहिणीदेखत मला एका कोंबडीने हाकललं. आमच्या गावी कुणाला जा म्हणायचं असेल, तर तोंडाने म्हणतात."

"चुकलं माझं," मी म्हटलं. हे वाक्य पाठ केलेल्यात शेवटी होतं, ते एवढ्या आधी आलं. "आणि राहा म्हणायचं असेल तर?"

"तेही तोंडानेच म्हणतात, सेन्योरा."

आणि वाट बघत उभे राहिले. मला आयुष्यात कोणी असं ताटकळवलं नव्हतं.

"राहा," मी म्हटलं.

"कुठे?"

"दुकानात. आणखी कुठे?"

मागून लूपे म्हणाली, "दुकान नऊला बंद होतं."

या बाईला गल्ल्यावर बसवलं तेच चुकलं माझं. तिथे रक्तदाब मोजला असता तर यंत्र फुटलं असतं. वयाच्या बासष्टाव्या वर्षी, परक्या घरात, इतक्या लोकांसमोर, हातात बिनमुंडक्याची कोंबडी धरून मी म्हटलं, "नऊनंतरही."

फाउस्तिनोंनी माझ्या हातातली ताटली काढून घेतली. मग सोफ्यावरच्या आत्यांकडे वळून म्हणाले, "सरका जरा तिकडे. ही माझ्याजवळ बसणार आहे."